सोमवारची नक्कल

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला सक्करदऱ्यात रंभाबाईंच्या घराचं दार दोन माणसांनी ढकलून उघडलं. आतून दार धरून उभ्या असलेल्या रंभाबाई पडल्या आणि त्यांच्या डाव्या हाताचं मनगट मोडलं. ती माणसं तिन्ही खोल्या, न्हाणीघर आणि गच्ची धुंडाळून गेली. जाताना एक जण म्हणाला, "वंदना कुठं आहे ते आमाले माहीत करायला वेळ लागत नाही."

वंदना त्या घरात नव्हती. ती त्या घरात कधी गेलीच नव्हती.

मी गोपाळराव. भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं जमीन मोजली. मोजणीवाला माणूस चिडका होतो, कारण प्रत्येक जण त्याला आपली हद्द खोटी सांगतो. निवृत्तीनंतर मी 'ओसरी' या संस्थेचा विश्वस्त झालो. घरच्या मारझोडीतून सुटून आलेल्या बायांना आम्ही एका इमारतीत ठेवत नाही, कारण इमारत शोधून काढणं सोपं असतं. नागपुरात चौदा घरं आमच्याशी जोडलेली आहेत. एकेका घरी एकेक बाई पाहुणी म्हणून राहते. कोणती बाई कोणत्या घरी, हे संस्था चालवणाऱ्या यमुताईंनाच ठाऊक असतं. मलाही ते माहीत नाही, आणि नसावंच.

रंभाबाई निवृत्त परिचारिका. त्यांच्याकडची पाहुणी सकाळी शिवणवर्गाला गेली होती म्हणून वाचली. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून त्या मला म्हणाल्या, "गोपाळराव, ते चुकून नाही आले. घर क्रमांकासकट कागद होता त्यांच्याजवळ. पाहून पाहून आले."

वंदना काटोल-नरखेडकडची. पुढच्या सोमवारी तिचा न्यायालयात जबाब होता. तोवर ती नवऱ्याच्या हाती लागू नये, एवढंच काम आमच्याकडे होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती आली तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, "तुझा पत्ता इथून बाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे." मंगळवारी संध्याकाळी यमुताईंनी तिला फोन लावून माझ्या हातात दिला.

"काका," वंदना म्हणाली, "माझ्यापायी त्या बाईचा हात मोडला. रविवारपर्यंत सांगा कोणं सांगितलं ते. नाई तर मी जबाब-बिबाब काही देत नाही. घरी जाते. तिथं निदान कोण मारते ते माहीत असते."

२

त्याच संध्याकाळी 'ओसरी'च्या मनीषनगरच्या कचेरीत मी पुष्करला समोर बसवलं. तिशीचा मुलगा, नोकरी सांभाळून आमच्यासाठी फुकट एक ॲप तयार करत होता. घरमालकिणीने बटण दाबलं की औषध, गाडी किंवा पोलीस तिच्या दारात पोचावेत, असं ते ॲप.

मी खिशातून कागद काढून उलटा केला आणि लिहायला घेतलं.

"पुन्हा पाठकोरा?" यमुताई म्हणाल्या. "अहो, कोरा कागद देते की."

एका बाजूला छापलेला कागद फेकायचा नाही, मागची कोरी बाजू वापरायची, ही खात्यात लागलेली सवय. कचेरीतली रद्दी मी घरी नेतो. फोनवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यातल्या सोमवारी पुष्करने चाचणीची यादी दाखवली तेव्हाही मी ती मोठ्या अक्षरात छापून मागितली होती. माझ्या या सवयीची सगळे चेष्टा करतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

"ॲप अजून कच्चं आहे," पुष्कर सांगू लागला. "कच्चं ॲप खऱ्या नोंदवहीवर चालवलं आणि काही बिघडलं, तर खऱ्या घरी भलताच निरोप जाईल. म्हणून मी नोंदवहीची नक्कल करतो आणि सगळी तोडफोड नकलेवर करतो. खऱ्याले हातच नाही लावायचा. दर सोमवारी नवी नक्कल होते, फोनवरची जुनी पुसली जाते."

हे मला पटकन कळलं. आमच्या खात्यातही मूळ नकाशा खोलीबाहेर जात नसे. लोकांना नक्कल मिळे.

"मग नकलेत वंदनाचं नाव आहे?"

"नाही काका. सगळ्या बायांले फुलांची नावं दिली. फोन नंबर खोटे टाकले. पत्ते मात्र खरे ठेवावे लागले. खोटा पत्ता नकाशावर सापडतच नाही, मग गाडी कशी पोचते ते तपासणार कसं? म्हणून पत्त्यांची आपसात अदलाबदल केली. हिचा तिले, तिचा हिले."

मी लिहायचं थांबलो. रंभाबाईंचं घर आमच्याच चौदांपैकी होतं, पण वंदनाचं नव्हतं. म्हणजे माहिती खऱ्या वहीतून गेली नव्हती. ती नकलेतून गेली होती.

"पण फुलाच्या नावावरून वंदना कोणती हे कसं कळावं?"

पुष्करने फोनवरची यादी शेवटपर्यंत सरकवून पाहिली. मग म्हणाला, "शेरा. शेवटचा रकाना. यमुताई त्यात हातानं वाट्टेल ते लिहितात. मोकळी वाक्यं बदलायचं मले सुचलं नाही. तो तसाच राहिला."

यमुताईंना वंदनाचा शेरा पाठ होता. "संत्र्याचा वास सहन होत नाही, उलट्या होतात. घरात संत्री आणू नयेत."

डिसेंबरचा महिना, नागपूर शहर, आणि संत्र्याच्या वासाने उलटी होणारी बाई. तिला ओळखायला नाव कशाला लागतं?

३

मी कागदावर हिशेब मांडला. यमुताईंना वंदनाचं खरं घर माहीत, त्या चुकीचा पत्ता देणार नाहीत. पुष्करला अदलाबदल माहीत, नकलेतला पत्ता खोटा आहे हे तो जाणतो. ज्याने पत्ता दिला त्याला तो खरा वाटला होता. म्हणजे ज्याच्याकडे नक्कल आहे पण अदलाबदल ज्याला ठाऊक नाही, असा माणूस शोधायचा.

असा एकच माणूस मला दिसला. कचेरीत काम करणारी मेघा.

मेघाच्या फोनवर सोमवारीच ॲप आलं होतं. मंगळवारी माणसं आली. वंदना कचेरीत आली त्या दिवशी मेघाने तिला बशीत संत्र्याच्या फोडी दिल्या होत्या आणि वंदना उठून बाहेर पळाली होती. मेघाने ते पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी मी तिला बोलावलं. पुष्कर आणि यमुताई समोर होते. मी माझं गणित सगळं वाचून दाखवलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण वाचताना मला बरं वाटत होतं. गणित सुटल्याचा आनंद होता.

मेघा सहा वर्षांपूर्वी स्वतः 'ओसरी'त आली होती. चौदा घरांपैकी तीन घरांत ती राहिलेली आहे.

"काका, तुम्ही मले विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मले सांगितलं."

"मग तू सांग, दुसरं कोण?"

"ते मी काहून सांगू? मी इथं कशी आली ते माहीत आहे ना तुम्हाले? माझा पत्ताही कोणीतरी देऊ शकत होतं. नाही दिला कोणी. म्हणून मी आज जिती आहे." तिने कचेरीचा फोन टेबलावर ठेवला. आदळला नाही, ठेवला. "हा घ्या. मी चालली."

यमुताई तिच्या मागे दारापर्यंत गेल्या. मेघा थांबली नाही.

४

दुपारी कचेरीत मी एकटाच होतो. टेबलावर मेघाचा फोन होता. मोजणीवाल्याने नकाशावर विश्वास ठेवायचा नसतो, शेतात जाऊन हद्दीची खुंटी पाहायची असते. आणि मी काय केलं होतं? नक्कल उघडून न पाहताच निकाल दिला होता.

मी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि फोनवर ती यादी उघडली. चौदा ओळी. शेरे वाचत गेलो. अकराव्या ओळीत संत्र्याचा शेरा सापडला. नाव होतं अबोली. पत्ता होता मानेवाड्याचा.

मी पुन्हा वाचला. मानेवाडा. सक्करदरा नाही, रंभाबाई नाहीत.

पुष्करला फोन लावला.

"हो काका, दर सोमवारी नवी नक्कल म्हणजे पत्त्यांची अदलाबदलही नवीन होते. सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही सांगितलं. अबोलीपुढे रंभाबाईंचा पत्ता कधी होता?"

त्याने तपासायला दोन मिनिटं घेतली. ती दोन मिनिटं मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होतो.

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारच्या नकलेत. पण ती मेघानं पाहिलीच नव्हती, काका. तिच्या फोनवर ॲप काल-परवा आलं. आणि यमुताईंनी तर नक्कल कधी उघडलीच नाही. त्या सोमवारची फक्त माझ्या लॅपटॉपवर होती, आणि..."

मी भिंग खाली ठेवलं.

"आणि मी छापून घेतलेली," मी म्हणालो.

नक्कल पाहिलेला, अदलाबदल ठाऊक नसलेला माणूस मीही होतो. हिशेब मांडताना मी स्वतःला त्यात धरलंच नव्हतं. इतरांच्या हद्दी मोजणाऱ्याने आपली खुंटी तपासली नव्हती.

घरी आलो. मोठ्या अक्षरांतली ती यादी तीन कागदांची होती. पहिला कागद खणात होता, मागे किराण्याची यादी. दुसरा माझ्याच खिशात होता, मागे पुष्करची साक्ष लिहिलेली. तिसरा, ज्यावर दहा ते चौदा या ओळी होत्या, तो घरात नव्हता. मी गादी उचलली, रद्दीचा गठ्ठा सोडला, पुन्हा बांधला.

खरं सांगायचं तर शोधायला सुरुवात केली तेव्हाच मला आठवलं होतं. तरी मी तासभर शोधत राहिलो.

५

रुपराव माझा मित्र. नरखेड तालुक्यात त्याची मोसंबीची बाग आहे. चाळीस वर्षांपूर्वी मोजणीसाठी त्याच्या गावी गेलो, पहिल्या रात्री त्याच्या ओट्यावर जेवलो, तेव्हापासूनची मैत्री. माझी बायको गेली तेव्हा बारा दिवस तो इथेच राहिला. या जगात माझ्याशी अरेतुरे करणारा तो एकच माणूस उरला आहे.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी तो एसटीने आला होता. पिशवीभर संत्री घेऊन आला होता. म्हणाला, "गोपाळ, विहिरीपासून बागेत पाइप न्यायचा आहे. कुठून न्यायचा ते काढून दे ना गा." मी टेबलावरचा एक पाठकोरा ओढला, पट्टीने नकाशा काढला आणि घडी करून त्याच्या हातात दिला.

नकाशाच्या मागच्या बाजूला अबोली होती.

गुरुवारी मी यमुताईंना सगळं सांगितलं. तिथे पुष्कर होता आणि फौजदार जयाबाईही होत्या, रंभाबाईंची तक्रार त्यांच्याकडेच होती.

"त्याला उचलते," जयाबाई म्हणाल्या.

"कशावरून? तो म्हणेल कागद हरवला, कुणाच्या हाती लागला मला माहीत नाही. आणि तसं झालंही असेल."

"तसं झालं असावं असं तुम्हाले वाटते, की व्हावं असं वाटते?" यमुताईंनी विचारलं.

मी पुष्करकडे वळलो. म्हणालो, "तुझं ते तत्त्व मला पटलंय. खऱ्यावर चाचणी घ्यायची नाही. मला आणखी एक नक्कल करून दे."

पुष्करने पाच ओळींचा कागद छापला. पाचही बाया खोट्या, पत्तेही आमच्या घरांपैकी एकही नाही. एका ओळीत नाव केवडा, शेरा तोच संत्र्याचा आणि पुढे 'मंगळवारच्या प्रकारानंतर जागा बदलली'. पत्ता मनीषनगरातल्या एका रिकाम्या घराचा, जयाबाईंच्या ओळखीतल्या. त्या कागदाच्या मागे मी पाइपचा नवा नकाशा काढला. रेघ दोनदा खोडावी लागली.

शुक्रवारी रुपरावला फोन केला. "मागच्या नकाशात माप चुकलं रे. नवा घेऊन जा."

तो दुपारच्या एसटीने आलाच. चहा प्यायला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तेल कोणतं लावतो ते विचारलं. मी कागद दिला. त्याने नकाशा पाहिला, बोट फिरवून पाहिलं, आणि घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"येतो गा गोपाळ. जपून राहत जा."

त्याने कागद उलटून पाहिला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो.

६

शनिवारी सकाळी सातपासून आम्ही त्या रिकाम्या घरात बसलो होतो. मी, जयाबाई आणि आतल्या खोलीत दोन शिपाई. जयाबाईंना दार वाजायला हवं होतं. मला ते वाजायला नको होतं. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या सकाळी मी मनातल्या मनात देवाला पुष्कळ काही कबूल केलं. अकरापर्यंत कोणी आलं नाही तर उठायचं, मेघाच्या पाया पडायचं, आणि रुपरावला यातलं कधीच काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं.

जयाबाईंनी मला बाजूला सरकवलं आणि दार उघडलं. दारात दोन माणसं होती. रंभाबाईंनी सांगितलेली, एक जाड, एक मिशीवाला. मिशीवाला वंदनाचा नवरा निघाला. शिपायांनी दोघांना आत ओढलं. त्यांच्या मागे फाटकाजवळ तिसरा माणूस उभा होता. घर बरोबर आहे का हे दाखवायला आलेला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

त्याने मला पाहिलं. पळाला नाही.

"गोपाळ," रुपराव म्हणाला. "तू इथं?"

"तू सांग."

तो फाटकाची कडी धरून बोलत होता. "वंदनाचा सासरा माझा मावसभाऊ लागते. सून पळाली म्हणून गावात त्यायले मान वर करता येत नाही. संत्र्याच्या बागवाल्या घरात देली आणि संत्र्याच्या वासानं ओकते, सारं गाव हसे तिले. कागद वाचला अन् समजलं मले. नवरा-बायकोचं भांडण आहे गा. घरची सून घरी जाईन, त्यात काय वाईट?"

"तिच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या, रुपराव."

त्याने हातातल्या कागदाची घडी आणखी लहान केली.

मी आणखी एक आशा धरून होतो. कागद त्याच्या हाती योगायोगाने लागला, वाचला, मोहात पडला. चाळीस वर्षांत एक चूक. तेवढी मी पोटात घातली असती. म्हणून मी विचारलं, "पाइप टाकला का?"

त्याला प्रश्न कळला. पण पोलिसांच्या हातातला तो मिशीवाला वैतागून आतूनच ओरडला, "कायचा पाइप? रुपरावकाकाच्या बागेत पाइप तर दोन साल झाले टाकून."

मी रुपरावकडे पाहिलं.

"तू त्या बायकांच्या संस्थेत आहे हे माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "अन् तुझ्या घरी कोरा कागद कधी नसते, हेही. तिथलाच कागद असते. म्हटलं, पाहून घ्यावं काही लिहून असते काय."

म्हणजे तो नकाशासाठी आलाच नव्हता. माझी सवय चाळीस वर्षांत त्यालाच सगळ्यात जास्त माहीत होती, आणि तो तीच वापरायला आला होता. राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला नाही. मी त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसलो. जयाबाई त्याला घेऊन गेल्या तेव्हा माझ्या शेजारून जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो काढला.

७

त्याच संध्याकाळी मेघाच्या घरी गेलो. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकलं.

"सोमवारपासून कामावर येईन," ती म्हणाली. "यमुताईंसाठी. तुमच्यासाठी नाही."

पुष्करने शेऱ्याचा रकाना नकलेतून काढून टाकला आणि पत्त्यांच्या जागी शहरातल्या बागा आणि चौक टाकले. गाडी तिथेही तेवढीच पोचते, हे त्याला आता सुचलं. छापायची सोय त्याने बंदच केली.

रविवार आला. पत्ता बाहेर जाणार नाही असा शब्द मीच दिला होता, म्हणून सांगायला मीच गेलो. यमुताईंनी वंदनाला कचेरीत आणलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी काही झाकलं नाही. नाव माझ्या मित्राचं सांगितलं, कागद माझा सांगितला, आणि रंभाबाईंचा हात माझ्या काटकसरीमुळे मोडला हेही सांगितलं. नवरा आणि त्याचा माणूस कोठडीत आहेत, हे शेवटी सांगितलं.

वंदना यमुताईंना म्हणाली, "जाते मी उद्या. जबाब देते."

मी म्हणालो, "सकाळी नऊला गाडी आणतो. मी येतो सोबत."

तिने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ती मला नव्याने मोजत होती, एवढंच.

"मेघाताई येतीन माझ्यासोबत," ती म्हणाली. "तुम्ही घरीच राहा, काका."

सोमवारी ती न्यायालयात गेली, दोन तास बोलली आणि सुखरूप परतली, असं यमुताईंनी फोनवर कळवलं. मी घरीच होतो.